देहाचे माप आणि खाशाबा जाधव

देहयष्टी पाहून मल्लाचे भवितव्य सांगता येते काय? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात क्रीडाशिक्षकांनी खाशाबा जाधवांना किरकोळ अंगकाठीमुळे वार्षिक स्पर्धेत उतरू देण्यास नकार दिला होता. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी थोराड प्रतिस्पर्ध्यांना चीत केले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवखी होती. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

वजनकाटा मल्लाचा गट तेवढा ठरवतो. गटात सारेच जवळपास समान वजनाचे. तेथून पुढे निकाल लावतात ते डाव, दम आणि सराव.