फर्माईशीचा मागोवा

उरण, अलिबाग, मुरूडच्या किनाऱ्यावर आवडीचं गाणं एकमेकांना ऐकवण्याची रीत रेडिओच्या कितीतरी आधीची. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते, बायका मागून ओळ उचलतात, घरच्या माणसांची नावं गाण्यात गुंफली जातात. माहेरी शिकलेलं गाणं लेकी सासरी नेतात. या किनाऱ्यावरची गाण्यांची पहिली देवाणघेवाण ती हीच.

मुंबईचं रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. गावोगावी गाणी पोचली ती मात्र ट्रान्झिस्टर आल्यावर. होडीवर तो हवामानाच्या इशाऱ्यासाठी न्यायचा, पण इशारा संपला म्हणून बंद कोण करणार? त्याआधी, 1952 मध्ये, माहिती-नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच चित्रपटगीतं वाजवणारी विविध भारती काढावी लागली. मंत्र्यापुढे श्रोत्यांची आवड भारी ठरली, याचा मला आजही आनंद होतो.

मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ कार्यक्रमात गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. गाणं तीन मिनिटांचं, पण आपल्या गावाचं नाव रेडिओवर आलं की त्याची चर्चा आठवडाभर.

मग कॅसेट आली. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानात द्यायची, कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. कुठलं गाणं वगळायचं यावर मित्रांत वाद. आवडती कॅसेट असेल तर तिच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडून टाकायचे, म्हणजे चुकूनही कोणी तिच्यावर दुसरं भरत नसे. कोळीगीतांच्या कॅसेटी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचने रेवस-मोऱ्याला उतरत आणि हातोहात फिरत. पुढे मेमरी कार्ड आलं, आता व्हॉट्सअॅप. गाणं क्षणात पोचतं, पण ते कुणी गायलं, कुठल्या गावचं, हे सोबत येत नाही.

धवलारिणीची गाणी तर या सगळ्यात फारशी भरलीच गेली नाहीत. पुढच्या हळदीला डीजे तासभर थांबवा, तिची परवानगी घेऊन गाणं फोनवर भरून घ्या, आणि पुढे पाठवताना तिचं नाव आणि गाव आवर्जून लिहा.