‘इटालियन माणसाने काढलेले’ शिवरायांचे चित्र

शिवरायांच्या एका चित्राबद्दल ‘मनुचीने काढलेले’ हा शब्दप्रयोग एडवण-केळवे-माहीम परिसरात आजही ऐकू येतो, म्हणून हा खुलासा. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी. १६६५ मध्ये मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत तो शिवाजी महाराजांना भेटला. पुढे वसईमार्गे गोव्याला गेला. वसईपासून एडवणपर्यंत आणि त्याही पुढे दमणकडे जाणारा किनारा तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती होता.

चित्र मात्र मनुचीच्या हातचे नाही. ते त्याने मीर मुहंमद या हिंदुस्थानी चित्रकाराकडून १६८६ पूर्वी करवून घेतले. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर, चेहरा एका बाजूने दिसणारा, सोबत पायी चालणारे शस्त्रधारी.

लिओनार्दोचा ब्रिटिश म्युझियममधला योद्धाही (सुमारे १४७५-८०) असाच एका बाजूने दिसतो. शिरस्त्राणाला पंख, छातीवर सिंहाचे तोंड, सारे रेखाटन चांदीच्या टोकाच्या लेखणीचे. पण तो कल्पनेतला वीर. मीर मुहंमदच्या चित्रातला माणूस खरा, म्हणूनच ओळख पटवणे इथे फार मोलाचे.

महाराजांची ही ओळख चुकलीही होती. मनुचीच्या पुस्तकातले इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून वर्षानुवर्षे छापले जाई. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच संग्रहातले महाराजांचे दुसरे, अस्सल चित्र लोकांसमोर आणले, तेव्हा तो घोळ मिटला. या आवृत्तीत चित्राखालचा मजकूर या खुलाशानुसार बदलला आहे. — संपादक