इलेक्ट्रॉनिक संगीत : अध्ययनासाठी वाचनसाहित्य

विजेवर चालणाऱ्या साधनांतून ध्वनी निर्माण करणे, त्याला हवा तसा आकार देणे आणि अनेक ध्वनींची बांधणी करून संगीतरचना सिद्ध करणे, ही विद्या शिकवणारे ग्रंथ, लेखमाला व उपकरणांच्या माहितीपुस्तिका. या साहित्याचे तीन गट पडतात : स्वर-तालाचे शास्त्र, ध्वनीचे विज्ञान आणि निर्मितीचे तंत्र. पहिल्या गटात मराठी समृद्ध आहे आणि दुसऱ्याची पायाभरणी मराठीतून होऊ शकते. तिसऱ्या गटासाठी मात्र इंग्रजी ग्रंथांचा आधार घ्यावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील सानगडीसारख्या गावात राहून ही विद्या शिकू पाहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून या साहित्याचा परिचय येथे दिला आहे.

पार्श्वभूमी : सानगडी हे साकोली तालुक्यातील किल्ल्याचे गाव झाडीपट्टीत येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे आहे. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे संगीताची साथ प्रत्यक्ष वाजवून केली जाते. ऑर्गन आणि तबला यांच्या जोडीला आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले आहेत. म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बसलेला हात या भागात आहेच. त्या वाद्याच्या आत काय चालते, हे समजण्यासाठी वाचनाची गरज आहे.

भारतात या विद्येचा आरंभ तसा जुना आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या काळी फारशी न खपलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली.

स्वर-तालाचे शास्त्र : विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. रागांच्या बंदिशी स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत आहेत. भातखंडे यांची स्वरलिपी वाचता येणाऱ्याला संगणकाच्या पडद्यावरील स्वरपट्टी परकी वाटत नाही. दोन्हींत वेळ डावीकडून उजवीकडे सरकते. फरक इतकाच की, स्वरलिपीत सप्तक टिंबांनी कळते आणि पडद्यावर उंचीने.

भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) हे ‘घाशीराम कोतवाल’चे संगीतकार आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील संगीताचे अध्यापक. त्यांची ‘वाद्यवेध’ आणि ‘भारतीय संगीताची मूलतत्त्वे’ ही पुस्तके नव्या वाचकालाही झेपतात. अशोक दा. रानडे यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ लोकसंगीताकडे शास्त्राच्या नजरेने पाहायला शिकवते. साकोलीचे झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांचे ‘झाडीपट्टीची दंडार’ हे तेथील दंडार या लोकनाट्यावरील पुस्तक या मुलखातील शिकणाऱ्याने अवश्य वाचावे; स्वतःची रचना कोणत्या मातीतून उगवावी, याचे उत्तर त्यात मिळते.

ध्वनीचे विज्ञान : संगीताच्या मराठी पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. उच्चनीचता कंपनांच्या संख्येवर, लहानमोठेपणा कंपनांच्या विस्तारावर, तर जाती मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांवर अवलंबून असते. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास घडवलेल्या सिंथेसायझरची रचना नेमकी याच तीन गुणांना धरून आहे. ऑसिलेटर उच्चनीचता ठरवतो, फिल्टर उपस्वर कमी-जास्त करून जाती बदलतो आणि अ‍ॅम्प्लिफायर लहानमोठेपणा राखतो. संगीताची प्राथमिक परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याने सिंथेसायझरचे मूलतत्त्व नकळत पाठ केलेलेच असते. त्याच्या जोडीला इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘ध्वनीचा अभ्यास’ हे प्रकरण वाचले की पाया पक्का होतो.

स्वरस्थाने मोजण्याचे काम महाराष्ट्रात कसोशीने झाले आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांची, मोजणी केली. बावीस श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. गणेश हरी रानडे यांनी हिंदुस्थानी संगीताचे भौतिक विज्ञान आणि सौंदर्य यांचा एकत्र विचार केला.

हे वाचन प्रत्यक्षात कसे उपयोगी पडते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. कीबोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर लावलेले असल्याने त्याचा गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा येतो. फरक थोडा वाटतो, पण षड्जाचा पाचपट कंपनांचा उपस्वर १२०० आणि कीबोर्डच्या गंधाराचा चौपट कंपनांचा उपस्वर सुमारे १२०९.५ यांची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-दहा हेलकावे उमटतात. कानाला खुपते ते हेच. बऱ्याच कीबोर्डांत स्केल ट्यूनिंगची, म्हणजे एकेक स्वर वेगळा लावण्याची, सोय असते. तेथे गंधार १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग), शुद्ध धैवत १६ सेंट आणि शुद्ध निषाद १२ सेंट उतरवला की हे स्वर तानपुऱ्याशी जुळतात. ज्याने श्रुतींविषयी वाचले आहे, तोच ही सोय शोधतो.

तालाचेही तसेच आहे. बहुतेक ताल-यंत्रांत आवर्तनाचे सोळा भाग असतात. मात्रेला एक भाग धरला तर त्रिताल त्यात चपखल बसतो. मात्रेला दोन भाग दिले तर केरवा सोळा भागांत पुरा होतो, पण दादऱ्याला बारा आणि झपतालाला वीस भाग लागतात. यंत्राची लांबी बदलता येते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. म्हणून माहितीपुस्तिकेचाही समावेश वाचनसाहित्यात करणे योग्य ठरते.

निर्मितीचे तंत्र : या गटातील इंग्रजी ग्रंथांत कर्टिस रोड्स यांचा ‘द कॉम्प्युटर म्युझिक ट्युटोरियल’ (१९९६) बाराशेहून अधिक पानांचा असून तो संदर्भासाठी हाताशी ठेवावा. मिलर पकेट यांचे ‘थिअरी अँड टेक्निक्स ऑफ इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ (२००७) लेखकाने विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. त्यातील उदाहरणे ‘प्युअर डेटा’ या मोफत प्रणालीत चालवून पाहता येतात, मात्र त्यासाठी बारावीपर्यंतचे गणित हवे. गॉर्डन रीड यांची ‘सिंथ सीक्रेट्स’ ही ६३ लेखांची माला ‘साउंड ऑन साउंड’ या ब्रिटिश मासिकात १९९९ ते २००४ या काळात आली. सिंथेसायझरचा एकेक भाग सुटा करून समजावणारे इतके सविस्तर लेखन विरळाच. रिक स्नोमन यांचे ‘डान्स म्युझिक मॅन्युअल’ (२००४) नृत्यसंगीताच्या बांधणीवर, तर माइक सीनियर यांचे ‘मिक्सिंग सीक्रेट्स फॉर द स्मॉल स्टुडिओ’ (२०११) घरगुती खोलीत करायच्या मिक्सिंगवर आहे. पत्र्याच्या छताखाली किंवा लहान खोलीत काम करणाऱ्यांना शेवटचे पुस्तक अधिक उपयोगी पडेल.

वाचनाचा क्रम : आधी ‘भारतीय संगीताची मूलतत्त्वे’ आणि नववीचे ध्वनीचे प्रकरण, मग स्वतःच्या वाद्याची माहितीपुस्तिका, त्यानंतर ‘सिंथ सीक्रेट्स’चे सुरुवातीचे लेख आणि मग मिक्सिंगचे पुस्तक, असा क्रम ठेवावा. रोड्स आणि पकेट यांच्याकडे गरजेप्रमाणे वळावे. प्रत्येक प्रकरण वाचून झाले की त्याच दिवशी ते वाद्यावर करून पाहावे. फिल्टरवरचे पान वाचले आणि कळ फिरवून आवाज बदललेला ऐकला नाही, तर ते पान वाचले असे म्हणता येत नाही.

मूल्यमापन : स्वर, श्रुती, ताल आणि नादाची जाती यांसाठी मराठीत नेमके, रुळलेले शब्द आहेत. ऑसिलेटर, फिल्टर, मिक्सिंग हे शब्द वादकांच्या तोंडी आहेतच. या दोन शब्दसंग्रहांना एकत्र आणणारे, गणित सोपे करून सांगणारे आणि उदाहरणे दंडारीच्या चालीतून व नाटकाच्या पदांतून घेणारे मराठी पाठ्यपुस्तक ही या क्षेत्राची सर्वांत मोठी गरज आहे. ज्यांनी ही विद्या इंग्रजीतून मिळवली आहे, त्यांनी ते लिहायला घ्यावे.