रुळांच्या जागी सायकली
फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडीतील टेकड्या दिसतात सौम्य. पण सामान लादलेल्या सायकलीवरून एकामागून एक चढ पार करताना पाय भरून येतात. झिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या वाटेवर मात्र फारशी दमछाक होत नाही. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरील ही वाट १९९७ मध्ये सायकलस्वार व पादचाऱ्यांसाठी खुली झाली. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाहीत, त्याचाच हा लाभ. वाटेत द्राक्षमळे, कुरणे, जुनी स्थानके आणि रोमनेस्क शैलीची छोटी चर्च लागतात. क्लुनीचा मठ इ. स. ९१० मधला. रोमचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत तेथील चर्च ख्रिस्ती जगतात सर्वांत मोठे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते पाडून दगड विकले गेले. उरलेल्या थोड्या भागावरूनही त्याच्या विस्ताराची कल्पना येते.

पुढे माकोंकडे जाताना सुमारे १,६०० मीटर लांबीचा ब्वा-क्लेर बोगदा आहे. हिवाळ्यात तेथे वटवाघळे निद्रिस्त असल्याने तो बंद ठेवतात. मग टेकडी चढून जाण्यावाचून गत्यंतर नाही. खेड्यांतील दुकानेही दुपारी बंद असतात, सोमवारी तर अनेकदा दिवसभर. पाव आणि पाणी सकाळीच घेतलेले बरे.