बाल्टिमोरचा निरीक्षक कोणी निवडला?

बाल्टिमोरचे पोलीस दल १८६० पासून कायद्याने त्या शहराचे नव्हतेच. निवडणुकांत 'नो-नथिंग' पक्षाच्या टोळ्या धुमाकूळ घालत आणि पोलीस काणाडोळा करत, म्हणून मेरीलँड राज्याने दल आपल्या हाती घेतले. कारण रास्त होते. पण व्यवस्था दीडशेहून अधिक वर्षे टिकली. खर्च शहराचा, कायदा राज्याचा. हे विसरले तर २०१७ साली तिथे जे घडले त्याचे वजन कळत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मणक्याला जबर इजा होऊन आठवड्याने मरण पावला. शहर पेटले. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल आला. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही: पंचावन्नच्या आसपासच्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाला चार वर्षांच्या आत ३० वेळा अडवले गेले, आणि एकदाही गुन्हा दाखल झाला नाही. दंगलीच्या छायाचित्रांपेक्षा मला हा आकडा बोलका वाटतो.

१९९४ च्या कायद्याने न्याय खात्याला अशा दलांवर दावा लावता येतो. १९९७ मध्ये पिट्सबर्गपासून तडजोडीच्या हुकूमनाम्यांची, आणि त्यांच्या अंमलावर नजर ठेवणाऱ्या त्रयस्थ निरीक्षकांची प्रथा पडली. बाल्टिमोरचा करार जानेवारी २०१७ मध्ये झाला. त्यानंतर लगेच वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटली. नव्या सरकारने मुदत मागितली. न्यायाधीश जेम्स ब्रेडार यांनी भर न्यायालयात नागरिकांचे म्हणणे ऐकले, मुदत नाकारली आणि ७ एप्रिलला सही केली.

मग प्रश्न आला निरीक्षकाचा. वर्षाला १४ लाख ७५ हजार डॉलरपर्यंतचा खर्च शहराच्या माथी, म्हणजे ज्यांना अडवले जात होते त्यांच्याच करातून. इच्छुकांचे अर्ज लोकांपुढे ठेवले गेले, अभिप्राय मागवले गेले, आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरीतल्या चमूंना जाहीर सभेत उभे केले. लोकांचे मत मागितले, मतदान नव्हे. शिफारस दोन्ही पक्षांची, नेमणूक न्यायाधीशांची. तरी हा केवळ देखावा होता असे मला वाटत नाही. ज्याला उद्या वस्त्यांतून तक्रारी ऐकायच्या आहेत त्याला आधी त्या वस्त्यांपुढे उभे राहावे लागले. शेवटी दोन चमू एकत्र केले गेले: प्रमुख स्थानिक वकील केनेथ थॉम्पसन, आणि उपप्रमुखांत फिलाडेल्फियाचे माजी पोलीस आयुक्त चार्ल्स रॅम्से. शहराची जाण एकाकडे, पोलिसी अनुभव दुसऱ्याकडे.

आपल्याकडे २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने पोलीस तक्रार प्राधिकरणे सांगितली. राज्य प्राधिकरणाचा अध्यक्ष मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून सरकारने निवडायचा. चौकीत ज्याने मार खाल्ला त्याला या साखळीत कुठेच विचारायचे नाही.

बाल्टिमोरच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलीस दल शहराकडे परत घेण्याचा कौल दिला. तोही पुरेसा ठरला नाही. २०२४ मध्ये पुन्हा मतदान करावे लागले.