लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह

गाडीतल्या भारानुसार मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप. सुट्या भागांच्या दुकानात तिला एलएसपीव्ही किंवा एलसीआरव्ही म्हणतात. गाडी रॅम्पवर चढवली की मागच्या ॲक्सलजवळ चासीला किंवा बॉडीला बसवलेला धातूचा ठोकळा आणि त्यातून ॲक्सलकडे गेलेला स्प्रिंगचा रॉड दिसतो. शॉकअप, पाटे, बुश सहज ओळखणाराही इथे थबकतो. जागा सस्पेन्शनची असली तरी भाग ब्रेकचा आहे.

ओळखायची खूण नळीत आहे. ठोकळ्यात ब्रेक ऑइलच्या नळ्या शिरत असतील आणि रॉड ॲक्सलला जोडलेला असेल, तर ती हीच झडप. नळी नाही, नुसती वायर आणि छोटी दांडी असेल, तर तो बहुधा हेडलाइटची उंची आपोआप जुळवणारा सेन्सर. दोन्ही नसून जाड दांडा ॲक्सलच्या एका टोकाकडून बॉडीच्या दुसऱ्या बाजूला आडवा गेला असेल, तर तो पॅनहार्ड रॉड. ॲक्सलला बाजूला सरकू न देणे हे त्याचे काम. बोलेरोसारख्या पाट्यांच्या गाडीत ते काम पाटेच करतात.

कार्य : ब्रेक दाबला की भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. रिकाम्या गाडीत मागे पूर्ण दाब गेला, तर ती चाके जाम होऊन गाडी गिरकी घेते. म्हणून एका मर्यादेनंतर झडप मागचा दाब पुढच्यापेक्षा कमी प्रमाणात वाढू देते. गाडी भरली की बॉडी खाली बसते, ॲक्सलपासूनचे अंतर घटते, रॉड झडपेवर जोर देतो आणि मागे अधिक दाब पोचतो.

नांदेड-लातूर रस्त्यावर या झडपेचे महत्त्व चटकन पटते. बालाघाटच्या पठारावरचे लातूर सुमारे ६३० मीटर उंचीवर, तर गोदाकाठचे नांदेड साडेतीनशेच्या आसपास; म्हणजे नांदेडकडे येताना उतार. अहमदपूर, लोहा भागात धावणारी काळी-पिवळी कधी खचाखच भरलेली, कधी रिकामी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जनावरे घेऊन गेलेला पिकअप विक्री झाली की मोकळा परततो. गाडी तीच, पण मागच्या ब्रेकची गरज दोन्ही वेळी वेगळी.

जादा माल नेता यावा म्हणून एखादा पाटा वाढवला की गाडी उचलली जाते. मग भरलेली गाडीही झडपेला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक अपुरा पडतो. उलट, रॉड तारेने ताणून बांधला किंवा झडप काढून नळ्या थेट जोडल्या, तर रिकामी गाडी पावसात घसरते. काळ्या मातीचा चिखल सांध्यात वाळला तरी रॉडची हालचाल अडते. ब्रेक लागत नाही म्हणून लायनर बदलण्याआधी हे पाहायला हवे. झडप बदलल्यावर ब्रेक ऑइलमधली हवा काढून दाब गेजने तपासावा, रॉड नजरेच्या अंदाजाने जुळवू नये.

एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या कारना चाके जाम होऊ न देणारे एबीएस सक्तीचे झाले. त्याच्या जोडीला ईबीडी असेल, तर दाब वाटण्याचे हे काम संगणक करतो. जुनी ईको किंवा बोलेरो घेणाऱ्याने मात्र पैसे देण्याआधी गाडीखाली वाकून हा रॉड जागेवर आहे का, ते बघावे.