बिल्ल्याची तीन घराणी

विट्याच्या गलाईवाल्याच्या हातात कोटावर लावायची पिन दिली, की तो ती आधी उलटी करतो. मागची काडी कशी झाळली आहे, कडेला कापल्याची धार आहे की ओतल्याची गोलाई, पाठीवर ९२५ चा शिक्का आहे का, हे त्याला बघायचं असतं. पुढचं चिन्ह, रंग, संस्थेचं नाव या गोष्टी नंतर. या छोट्या वस्तूची कुळकथा मी त्याच बाजूने सांगणार आहे. बिल्ला, बॅज, लॅपल पिन ही नावं वेगवेगळ्या काळात आली. पण धातूला आकार द्यायच्या ज्या रीतींतून ती वस्तू घडते, त्या आपल्या घराघरांत फार पूर्वीपासून आहेत.

विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं गाव. पाऊस बेताचा, जमीन माळाची. इथली आणि आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळची, तसंच शेजारच्या साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत गलाईची दुकानं थाटून बसली. मोडीचे दागिने आणि सोनाराच्या बैठकीखालची झाडलोट आणायची, त्यातलं सोनं-चांदी चोख करून द्यायचं, हा धंदा. सोनं चोख करायचं तर आधी त्यात चांदी घालावी लागते, हे नवख्याला पटत नाही. एका भागाला साधारण तीन भाग चांदी घालून सगळं मुशीत वितळवतात आणि पातळ धार पाण्यात सोडून त्याचे दाणे करतात. ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळले की चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी मातकट तपकिरी भुकटी उरते. तेच सोनं. धुऊन, सवागी म्हणजे टाकणखार टाकून पुन्हा मुशीत घातलं की ते आपल्या रंगावर येतं. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत मिळते.

ज्याने हे केलं आहे त्याला धातूचा स्वभाव कळतो. कोणता कधी वितळतो, कोण कोणात मिसळतो, कोण कुणाला सोडतो, हे ज्ञान पिना बनवणाऱ्यालाही लागतं. पिनांच्या जाहिरातींत दहा-बारा प्रकारांची नावं असतात. माझ्या हिशेबाने त्यांची मूळ घराणी तीनच: नाण्याचं, मूर्तीचं आणि मीनाकारीचं.

पहिलं घराणं ठशाचं. शिवराई हातात घेऊन बघा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. पण पूर्ण मजकूर असलेली शिवराई क्वचितच मिळते. कुठे ‘श्री’ कापलेला, कुठे ‘पती’ गेलेलं. खालचा ठसा पक्का बसवायचा, त्यावर तांब्याचा तुकडा ठेवायचा, वर दुसरा ठसा धरून हातोडा मारायचा. तुकडा ठशापेक्षा लहान असला किंवा सरकला, की अक्षरं बाहेर राहायची. धातूचा गाभा दाबाने हलून ठशाच्या खळग्यात शिरतो, एवढंच या रीतीचं मर्म. देवघरातला टाकही याच घराण्यातला: चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यातून खंडोबा किंवा भवानी उठवायची. कोल्हापुरी साजातली पानं, माळेतल्या पुतळ्या यांनाही ठशाचाच आधार. एकदा ठसा कोरला की तेच रूप हजार वेळा उतरतं. साजाचं आणि टाकाचं काम करणाऱ्या सोनाराला कोटाच्या पिनेत नवीन वाटावं असं फार थोडं आहे.

आजची ठशाची पिन अशीच होते. पोलादाच्या ठोकळ्यात चिन्ह उलटं आणि खोल कोरतात. पूर्वी हे काम छिन्नीने व्हायचं, आता बहुतेक ठिकाणी संगणकावर चालणारं यंत्र करतं. मग तो ठोकळा तापवून, बुडवून कडक करतात. पितळ, तांबं किंवा लोखंडाचा पत्रा त्याखाली ठेवून प्रेसचा घाव देतात. घाव बसल्यावर बाहेरची कड दुसऱ्या कापणीच्या डायने छाटतात, म्हणून इथे शिवराईसारखी अक्षरं पळत नाहीत. पाठीवर काडी झाळतात, पॉलिश करतात आणि मुलामा देतात. रंग न भरता उठाव तसाच ठेवला आणि खळग्यात काळपट झाक राखली, तर पिनेला जुन्या पदकाचं रूप येतं. मला स्वतःला हीच सगळ्यांत आवडते. तिच्यात लपवायला जागा नसते. ठसा कोरणाऱ्याचा हात चांगला असेल तर चांगली, नाहीतर नाही.

पदक आणि पिन सख्खी भावंडं. विट्याहून कराडकडे गेलं की जवळच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. ऑलिंपिकमधली पिनांची रूढी त्याआधीची: १८९६ च्या अथेन्सच्या स्पर्धेत खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे रंगीत बिल्ले होते. पुढे त्यांच्या जागी धातू आला, आणि आता देशोदेशीचे खेळाडू आपापसांत पिना बदलतात.

दुसरं घराणं ओतकामाचं. याचं सगळ्यांत साधं रूप गलाईच्या दुकानातच दिसतं. तापून लाल झालेली मूस चिमट्याने उचलायची, लोखंडी साच्यात एका धारेत रिकामी करायची. साचा उलटला की लगड. साच्यात खाच असेल ती लगडीवर उमटते. युरोपात बाराव्या शतकापासून पुढे यात्रेकरू जे बिल्ले विकत घ्यायचे ते असेच होत: दगडात कोरलेल्या साच्यात शिसं आणि कथिलाचा रस ओतलेले, स्वस्त, हलके. कँटरबरीला थॉमस बेकेटच्या समाधीचं दर्शन घेतलं की टोपीवर त्याचा बिल्ला लावून माणूस घरी यायचा. थेम्स नदीच्या गाळात असे पुष्कळ सापडले आहेत. आपल्याकडे वारी करून आलेल्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, जेजुरीहून आलेल्याच्या कपाळाला भंडारा. खूण अंगावर बाळगायची ही ओढ दोन्हीकडे एकच.

आता ओतीव पिना जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्त ४२० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. म्हणून जस्ताचं मिश्रण रबराच्या साच्यातही ओतता येतं. साचा गरगर फिरवतात, धातू कडेच्या बारीक पोकळ्यांपर्यंत फेकला जातो. मधून आरपार कापलेली नक्षी, गोलाईदार सिंह, दोन्ही बाजूंनी उठाव असलेला किल्ला हे ठशाला अवघड, ओतकामाला सोपं. पण बारीक अक्षराची धार ओतीव पिनेत ठशाइतकी उतरत नाही. ज्या मंडळाला चिन्हाखाली संस्थेचं लांबलचक नाव आणि स्थापनेचं साल हवं असतं, त्यांनी ओतीव पिन घेऊ नये.

तिसरं घराणं मीनाकारीचं, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच. मीना म्हणजे काच. काचेची पूड, तिच्यात रंग देणारे धातूचे क्षार: निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं, भारी लालाला खुद्द सोनं. धातूच्या खळग्यात किंवा पट्ट्यांच्या कप्प्यांत ओली पूड भरायची, सुकवायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत घालायची. काच वितळून बसते, आटते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग दगडावर घासून काच आणि धातूच्या रेषा एका पातळीवर आणायच्या. बायझंटाइन कारागिरांनी सोन्याच्या पट्ट्यांचे कप्पे करून हे काम फार उंचीला नेलं. चीनमध्ये मिंग काळात १४५० ते १४५७ या जिंगताई बादशहाच्या राजवटीचं नाव या कलेलाच मिळालं. आपल्याकडे आमेरच्या मानसिंगांनी लाहोरचे कारागीर आणून जयपूरची मीनाकारी रुजवली, असं सांगतात.

खऱ्या मीन्याला खाली सहसा तांबं घेतात, ते का, हे गलाईवाल्याला सांगावं लागत नाही. ८०० अंशांना तांबं हलत नाही. पितळेत जस्त असतं. त्या आचेला ते वाफ होऊन वर येऊ लागतं आणि काच फोडतं. चांदी ९६२ ला वितळते, तांबं मिसळलेली त्याहून लवकर. म्हणून चांदीवर मीना चढवणाऱ्याची नजर भट्टीवरून हलत नाही. पिन चुकून मोडीत आली, तर काच सवागीबरोबर मळीत निघून जाते, पण मागच्या काडीची झाळ चांदीत मिसळते आणि टंच खाली येतो.

बाजारात ज्याला आज ‘हार्ड इनॅमल’ म्हणतात त्यात बहुतेक वेळा काच नसते. ते रंगीत राळेसारखं रसायन असतं. कमी आचेवर भाजून कडक करतात, घासून सपाट करतात आणि मग धातूच्या रेषांवर मुलामा चढवतात. ‘सॉफ्ट इनॅमल’मध्ये क्रम उलटा: आधी मुलामा, मग खळग्यात रंग, मग भाजणं, घासणं नाहीच. ओळखायला एक नख पुरतं. पिनेवरून नख हळूच ओढा. सरळ घसरलं तर घासून सपाट केलेली. प्रत्येक रेषेवर अडलं तर रंग खाली बसलेला आहे. दोन्हींत वाईट काही नाही. पण कागदावर ‘मीनाकारी’ लिहून राळ देणं मला पटत नाही. भट्टीत दहा वेळा घातलेल्या काचेचं नाव तिला लावू नये.

या तिघांच्या शेजारी छपाई आहे. अमेरिकेत न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ मध्ये एका बिल्ल्याचं पेटंट घेतलं: छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, खाली पत्र्याची चकती, सगळं एका कड्याने आवळलेलं. त्याच वर्षी मॅकिन्ली आणि ब्रायन यांची अध्यक्षपदाची लढत होती. बिल्ले ढिगाने निघाले. तोच बिल्ला पुढे आपल्या निवडणुकांत आला. प्रचाराच्या जीपमागे धावून पक्षांचे बिल्ले गोळा करणारी पोरं आज साठीच्या आसपास असतील; त्यांना सगळ्या पक्षांचे हवे असायचे. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे, तेव्हा तो बिल्ला खिशात जातो. सातारा-सांगलीसारख्या सैनिकांच्या मुलखात ७ डिसेंबरला छातीवर टोचायचा ध्वजदिनाचा कागदी झेंडाही याच रांगेतला. ती प्रथा १९४९ पासूनची. आणि सभा-संमेलनांत ‘स्वागताध्यक्ष’ असं सोनेरी छापलेला साटीनच्या रिबिनीचा बिल्ला कुणाच्या छातीवर नसतो? तो लावताना टाचणी सदऱ्यात अडकते, हार थांबतो, फोटोवाला थांबतो. पण त्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही.

कोट नव्हते तेव्हाही बिल्ला होता, तो हुकमाचा. कचेरीतल्या चपराशाच्या पट्ट्यावर पितळेची चपरास असायची, खात्याचं नाव कोरलेली; ती दिसली की माणूस कुणाचा ते कळायचं. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये आपल्या पांढऱ्या रानडुकराच्या चिन्हाचे १३,००० कापडी बिल्ले करवले होते. रेल्वे हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, एसटी कंडक्टरचा बॅज, टॅक्सीवाल्याचा बॅज ही त्याच चपराशीची लेकरं: आकडा महत्त्वाचा, माणसाचं नाव नाही. ‘दीवार’ (१९७५) मध्ये मुंबईच्या गोदीतल्या हमालाचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला गोळी अडवतो. नंबराच्या पितळी तुकड्याला हिंदी पडद्याने दिलेली ही मोठीच इज्जत. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओचे बिल्ले अब्जावधींनी निघाले. विमानांना लागणारं ॲल्युमिनियम त्यात जातं आहे, अशी तक्रार १९६९ मध्ये खुद्द माओने केली.

नोकराची खूण साहेबाच्या कॉलरवर कधी गेली, याची एक तारीख सांगता येत नाही. पण विसाव्या शतकात रोटरीची, लायन्सची, बँकेची, पंचवीस वर्षांच्या नोकरीची पिन हा मान झाला. चपरास हुकमाने लावायची. ही निवडून लावतात. वस्तू तीच, तीच तीन घराणी, पण लावणाऱ्याची मान ताठ. या बदलाबद्दल मला आदर वाटतो, म्हणूनच पिन पाठीमागूनही नीट असावी असं वाटतं.

पाठीकडे मात्र मंडळं दुर्लक्ष करतात. सोन्याचा म्हणून जो मुलामा असतो तो मायक्रॉनच्या अंशाइतका. सारखा घासला तर कडेला निकेल आणि पितळ उघडं पडतं. मागे सेफ्टी पिन असेल तर ती वॉल्टर हंटच्या १८४९ च्या पेटंटची नात. फुलपाखरासारखा चाप सगळ्यांत स्वस्त, पण बोटाच्या चिमटीत सुटतो आणि पिन बसमध्ये पडून जाते. लोहचुंबकाने कापडाला भोक पडत नाही, म्हणून पैठणीवर आणि रेशमी उपरण्यावर तो उत्तम. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर आहे त्यांनी मात्र तो छातीवर लावू नये. सगळ्यांत पक्की ती मळसूत्राची: काडीला आटे, त्यावर फिरकी. आपल्या कुड्यांना पिढ्यान्‌पिढ्या तीच असते. चांदीची पिन करून घेणार असाल, तर ठसा बाहेरून कोरून आणा आणि फिरकी गावातल्या सोनाराकडून बसवून घ्या. काडी बारीक, आटे पूर्ण आणि झाळ चोख चांदीच्या जवळची, एवढं त्याला सांगितलं की पुरे.